एकात सोळा

खोक्यावर छापलंय : एकात सोळा.
मी मोजले, चौदा भरले.
पुसायचं फडकं आणि फडक्याची पिशवी
त्यांनी वेगवेगळी धरली आहे
आणि आभाराचं कार्ड, तेही एक नग.
पहिल्याच ओळीत मी एक गुण कापला.

संडरलंडला नोव्हेंबरात चार वाजताच अंधारतं.
मुलांच्या वॉर्डात, खेळण्यांच्या कपाटाशी
मांडी घालून बसले आहे मी,
मांडीवर फॉर्म, शेजारी जंतुनाशक पुसण्यांचा डबा.
वॉर्डाला कुणीतरी तीन गेम कन्सोल दिलेत,
दोन तळव्यांत मावणारे, अंगठ्यांसाठी कडेला दांड्या.
त्यांना हा साज घ्यायचा की नाही, ते मी सांगायचं.
नाकापेक्षा मोती जड होतोय का,
असं फॉर्मवर कुठे विचारलेलं नाही.
तिथे आहे : किंमत रास्त? हो / नाही.

मडकं घेताना आई टिचकी मारायची,
कान जवळ नेऊन ऐकायची,
कुंभारीण तोवर उगाच दुसरीकडे बघायची.
मीही कव्हरला टिचकी मारली.
बद्द.
आतून मखमल. मखमलीवर सांडणार ज्यूस,
ओकारी, कधी रक्ताचा थेंब,
आणि मखमल काही पुसून निघत नाही.
बाद.

काचेवरच्या फिल्म दोन. पहिलीत बुडबुडा राहिला,
दुसरी श्वास रोखून लावली, तरी एक केस अडकलाच,
बहुधा माझा.
चार्जरची तार सहा नंबरच्या पलंगापासून प्लगला
हातभर कमी पडते;
मध्ये सलाईनचा खांब उभा असतो
हे कारखान्यात कुणाला ठाऊक असणार?
गाडीत लावायचा चार्जर.
इथे गाडी म्हणजे एक्स-रेला नेणारी खुर्ची.
अंगठ्याखालच्या रबरी टोप्या चार, मांजराच्या पंजाच्या.
दोन वर्षांच्या घशात सहज जातील.
हे लाल शाईने लिहिलं.
काचेवर टेकवायची लेखणी : निरुपयोगी,
हे सगळे खेळ बटणांचेच.

“तू खेळणी नापास करतेस?”
सहा नंबरवरून कीगन. वय नऊ, मुक्काम तिसरा आठवडा.
उजव्या हाताच्या पाठीवर सुई, वर पट्टी, खाली फळी.
“स्टिअरिंग दाखव.” दाखवलं.
“भंगार आहे,” म्हणाला. मीही तेच लिहिलं होतं,
जरा सभ्य शब्दांत.
मग त्याने स्टँड मागितला. मग एक पंजा.
मग निरुपयोगी लेखणी.

कन्सोल जेवणाच्या फळीवर उभा केला,
पंजा बसवला डावीकडच्या दांडीवर,
लेखणी दातांत धरली,
आणि रबरी टोकाने, चिमणी दाणा टिपते तशी,
टिपत राहिला उजवीकडची बटणं.
गाडी पहिल्या वळणावर दरीत गेली.
दुसऱ्यांदा त्याच वळणावर, त्याच दरीत.
तिसऱ्यांदा त्याने मला “बोलू नकोस” म्हटलं,
मी बोलत नव्हते.
चौथ्यांदा वळण सुटलं.

सिस्टर मॉरीन ठिबक बघायला आली.
“ते दातांत?”
“पुसता येतं,” मी म्हणाले.
तिने थोडा वेळ पाहिलं,
पाठीमागची उशी नीट केली, गेली.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही,
फॉर्मला मात्र रकाना लागतो,
आणि दातांनी खेळणाऱ्यासाठी रकाना नाही.
‘निरुपयोगी’वर काट मारून मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं,
लिहिता लिहिता मराठीत गेले, परत खोडलं.
टोप्या मोजून द्याव्यात, मोजून परत घ्याव्यात.
तार वेगळी घ्यावी, लांब.
किंमत रास्त? तिथे पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं,
शाईचा ठिपका पडला, हो आणि नाही यांच्या बरोबर मध्ये.

बाद सामान खोक्यात भरताना
कीगनने आभाराचं कार्ड मागून घेतलं.
पाठीवर डाव्या हाताने आकडे मांडतोय,
झोपलेले, उताणे, एक तर उलटा :
एक बेचाळीस. एक चाळीस. एक अडतीस.

मी पहिल्या ओळीवर गेले,
चौदाचे पंधरा केले.

फडक्याची पिशवी मला अजून मान्य नाही.